लायसन मिळाल्यानंतरचे पहिले सहा महिने

गाडी शिकताना अपघात कमीच होतात. शेजारी मामा नाहीतर काका बसलेले असतात, वेगही बेताचा असतो. धोका एकदम वाढतो तो पक्कं लायसन हातात पडल्यावर, एकट्याने गाडी काढायच्या पहिल्या काही महिन्यांत. म्हणून न्यूझीलंडने 1987 साली शिकाऊ आणि पक्क्या लायसनच्या मध्ये एक पायरी घातली. मर्यादित लायसनवर रात्री 10 ते पहाटे 5 एकट्याने चालवायचं नाही आणि जाणता चालक शेजारी नसेल तर कुणाला बसवायचंही नाही.

आपल्याकडे ही पायरीच नाही. शिकाऊ लायसनला तीस दिवस झाले की टेस्ट देता येते. तोवर गाडीच्या पुढेमागे 18 सेंटिमीटरच्या चौकोनी पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. टेस्ट पास झाली की पाटी निघाली. मग त्याच शनिवारी चार मित्र भरून बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याला निघालं, तरी कायद्याची आडकाठी नाही.

रात्रीचा हिशेब बघा. ताशी 60 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तर 25 मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी 20. ताशी 80 ला हीच बेरीज 70 च्या घरात जाते आणि लो बीमच्या उजेडात तेवढं लांबचं दिसत नाही. हंगामात निपाणी-चिकोडीकडे उसाची ट्रॉली पुढे असते. मागचा लाल दिवा असलाच तर लोंबणाऱ्या उसाआड. रस्त्यावर सांडलेला ऊस दिसला, की मुरलेला चालक आधीच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात मध्येच काळा ठोकळा दिसला, तरी त्याला ट्रॉली कळते. नवख्याची नजर मात्र बॉनेटच्या जरा पुढेच खिळलेली असते.

मित्रांचंही तसंच. गाडीत समवयस्क वाढले की तरुण चालकाचा धोका वाढतो. शेजारी मोठं माणूस असेल तर कमी होतो.

कायदा घालत नाही ती पायरी घरात घालता येते. आधी दिवसा बेळगावातल्या टिळकवाडी-कॅम्पातले रस्ते, मग हायवे, मग पाऊस, मग मोठ्यांसोबत रात्र. घाट सगळ्यात शेवटी, आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची नाही. चढायला जो गिअर लागेल त्यातच उतरायचं. सारखा ब्रेक दाबून ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि नेमक्या वळणावर ब्रेकची पकड कमी होते.