एक फेरा की अर्धा? हायड्रॉलिक टॅपेटच्या प्रीलोडमागची गोष्ट

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजात जुन्या शेव्हर्लेचं व्ही-८ इंजिन स्टँडवर चढवलं होतं आणि दोन मिस्त्री रॉकरचा नट किती आवळायचा यावर अडले होते. एक म्हणे, फट संपली की वर पूर्ण फेरा द्यायचा. दुसरा म्हणे, अर्ध्याच्या पुढे जायचंच नाही. दोघंही बरोबर होते, फक्त त्यांची उत्तरं दोन वेगळ्या गरजांतून आलेली होती.

इंजिनात फिरणारा कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या दांडीला, आणि ती रॉकर नावाची तरफ झुकवून वॉल्व्ह उघडते. टॅपेटला, म्हणजे या साखळीत, फट ठेवतात ती तापलेला धातू वाढतो म्हणून. हे आपल्याकडे विहिरीवरच्या डिझेल इंजिनांनी शिकवलं. धनजीशा कूपर यांचा साताऱ्यातला कारखाना १९२२चा. लोखंडी नांगरांनंतर तिथे डिझेल इंजिनंही होऊ लागली. फिलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, घालून फट धरायची आणि काही महिन्यांनी टकटक वाढली की पुन्हा बसायचं, हे या भागातल्या कित्येक मिस्त्र्यांच्या अंगवळणी पडलं आहे. जुन्या बुलेटवाल्यांची रीत आणखी साधी: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

अमेरिकेत मात्र महागड्या गाडीच्या गिऱ्हाइकाला ती टकटकच नको होती. १९३० साली कॅडिलॅकच्या १६ सिलिंडरच्या इंजिनात ही फट तेलाच्या दाबाने आपोआप भरून काढणारी योजना आली. १९३३मध्ये पिअर्स-अ‍ॅरोने हायड्रॉलिक टॅपेट दिले. टॅपेटच्या पोटात एक छोटा प्लंजर असतो, खाली हलकी स्प्रिंग आणि तेल एकाच दिशेने जाऊ देणारा एक चेक वॉल्व्ह. आत शिरलेलं तेल कोंडलं जातं, दाबलं जात नाही, म्हणून कॅमचा धक्का थेट वॉल्व्हपर्यंत पोचतो. प्लंजर वरच्या टोकाला टेकलेला नसावा, थोडा खाली दाबलेला असावा, तरच तो झीज आणि उष्णता दोन्ही भरून काढतो. हे दाबून ठेवणं म्हणजे प्रीलोड.

१९५५ साली आलेलं शेव्हर्लेचं स्मॉल ब्लॉक हे व्ही-८ इंजिन सर्वसामान्यांच्या गाडीतलं, आणि त्यातही हायड्रॉलिक टॅपेट आले. त्याच्या रॉकरच्या स्टडला इंचाला २४ आटे, म्हणजे एका फेऱ्यात नट १.०६ मिलिमीटर खाली उतरतो. पण रॉकर नटाखाली तरफेसारखा झुकतो. वॉल्व्हकडचं टोक जागचं हलत नाही, त्यामुळे दीडपट रेशोच्या, म्हणजे वॉल्व्हकडची बाजू दीडपट लांब असलेल्या, रॉकरवर प्लंजर पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास दबतो. हा हिशेब बरेच जण विसरतात. एका फेऱ्याने प्लंजर साधारण आपल्या हालचालीच्या मध्यावर येतो आणि कंपनीला तेच हवं होतं: झीज कोणत्याही बाजूला गेली तरी मालकाला बॉनेट उघडावं लागू नये.

शर्यतीवाल्यांची अडचण निराळी होती. इंजिनाचे फेरे फार वाढले आणि वॉल्व्हची स्प्रिंग कमी पडली, की वॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो आणि क्षणभर फट पडते. हायड्रॉलिक टॅपेटचं कामच फट भरणं. प्लंजर वर येतो, खाली तेल कोंडतं, मग वॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि ताकद एकदम जाते. १९५७च्या २८३ अश्वशक्तीच्या फ्युएल इंजेक्शन कॉर्व्हेटमध्ये शेव्हर्लेने सरळ भरीव, म्हणजे आत तेलाचा प्लंजर नसलेले, टॅपेट घातले ते उगाच नाही. ज्यांना हायड्रॉलिकच ठेवायचे होते त्यांनी स्प्रिंग कडक केली आणि प्रीलोड पाव-अर्ध्या फेऱ्यावर आणला, म्हणजे प्लंजरला वर यायला जागाच कमी उरते.

१९९७ साली शेव्हर्लेच्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस इंजिनात तर फिरवायला नटच ठेवला नाही. रॉकर ठरलेल्या टॉर्कला आवळायचा आणि प्रीलोड पुशरॉडच्या लांबीने ठरवायचा. हेड घासलं, गॅस्केट जाड घातलं किंवा कॅम बदलला की लांबी नव्याने मोजावी लागते.

आपल्या मिस्त्र्यांचा हात चुकतो तो मात्र दुसरीकडे. बुलेटच्या सवयीने पुशरॉड फिरवून फट शोधतात. इथे प्लंजरखालची स्प्रिंग इतकी मऊ असते, की फट केव्हाच संपून प्लंजर दबत चालला तरी पुशरॉड फिरतच राहतो, आणि त्यावर आणखी फेरा दिला की प्रीलोड नको तितका होतो. टॅपेट कॅमच्या गोल पाठीवर (उंचवटा नसलेल्या बाजूला) असताना पुशरॉड वरखाली हलवून पाहायचा. तो खेळ संपला तिथून फेरा मोजायचा.

स्टँडवरच्या त्या इंजिनात कॅम बदललेला होता आणि स्प्रिंगही कडक होत्या. सोळाही नट अर्ध्या फेऱ्यावर ठेवले.