माफीची मागणी आणि मातीतला ओलावा

जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, 13 एप्रिलला, ब्रिटनने माफी मागावी ही मागणी दरवर्षी वर येते. शताब्दीच्या वेळी, 2019 मध्ये, पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. तिथे निदान गोळ्या कुणी झाडल्या यावर वाद नाही. ब्रिटिश राजवटीतल्या दुष्काळबळींचा विषय निघाला की मात्र ठरलेला बचाव येतो: पाऊसच पडला नाही, सरकार काय करणार? हा बचाव आता विज्ञानाने तपासता येतो. म्हणूनच भारत सरकारने या बळींबद्दलही माफीची मागणी अधिकृतपणे करावी आणि तपासलेल्या पुराव्यावर करावी, असं मला ठामपणे वाटतं.

मुंबईत आपण पाऊस कुलाबा आणि सांताक्रूझच्या मिलिमीटरमध्ये ओळखतो. पिकाला महत्त्वाचा असतो तो मुळांभोवतीचा ओलावा, आणि त्याचा हिशेब बँकेच्या पासबुकासारखा असतो. पाऊस जमा होतो. बाष्पीभवन, पानांतून होणारं बाष्पोत्सर्जन, उतारावरून वाहून जाणं आणि खोल झिरपणं हा खर्च. शंभर मिलिमीटर पाऊस दोन तासांत कोसळला तर बराचसा वाहून जातो. तोच दहा दिवसांत पडला तर मुरतो. शिवाय माती सुकत जाते तसं उरलेलं पाणी कणांना अधिक घट्ट धरून बसतं, पानांची रंध्रं मिटतात आणि बाष्पोत्सर्जन घटतं. म्हणजे खर्च किती होणार हे शिलकीवरच ठरतं. त्यामुळे महिन्याची बेरीज पुरत नाही. देशाचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकासाठी मातीचा प्रकार, वनस्पती, तापमान आणि पाऊस घेऊन रोजचं गणित मांडावं लागतं. मग त्या जागेचा त्या महिन्यातला ओलावा इतर सर्व वर्षांच्या त्याच महिन्याशी ताडून क्रम लावतात, कारण सोलापूरची काळी माती आणि बंगालची गाळाची माती थेट एकमेकींशी तोलता येत नाहीत.

आयआयटी गांधीनगरचे विमल मिश्रा आणि सहकाऱ्यांनी 1870 ते 2016 या काळासाठी हे गणित केलं आणि 2019 मध्ये प्रसिद्ध केलं. सहा मोठ्या दुष्काळांपैकी पाचांच्या वेळी माती खरोखर कोरडी होती. सहावा 1943 चा बंगालचा, ज्यात वीस ते तीस लाख माणसं गेली. त्याचं कारण मातीच्या कोरडेपणात सापडत नाही. आधीच्या वर्षी चक्रीवादळ आलं होतं, भातावर बुरशीही पडली होती. पण ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तिथला तांदूळ थांबला, सरकारने किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या, भाव भडकले आणि धान्यासाठी मागितलेली पुरेशी जहाजं लंडनने दिली नाहीत.

मग उरलेल्या पाच दुष्काळांत सरकार निर्दोष ठरतं का? नाही. 1873-74 मध्ये बिहारची माती सुकली तेव्हा ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि फार थोडी माणसं दगावली. त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. 1877 मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यात याच टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमवर आणलं. आपल्याकडच्या मजुरांनी काम बंद पाडलं, पुण्याच्या सार्वजनिक सभेने बाजू मांडली. त्याच वर्षी नॉर्मन लॉकयर यांच्यासारखा नामांकित शास्त्रज्ञ दुष्काळाचा संबंध सूर्यावरच्या डागांशी जोडत होता. त्या पावसाच्या तुटीमागे प्रबळ एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, होता, हे आज आपल्याला माहीत आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारे ब्रिटिशांच्या लुटीचे अवाढव्य आकडेही त्या डागांच्या सिद्धांतासारखेच पटकन खरे वाटतात. मागणीपत्रात त्यांना जागा देऊ नये.

उलट 1972 बघा. महाराष्ट्रात जमीन भेगाळली, पण लाखो लोकांना दुष्काळी कामं मिळाली, सुकडी हा पौष्टिक कोरडा खाऊ वाटला गेला आणि 1877 सारखे मृत्यू झाले नाहीत. कोरड्या मातीतून भूकबळी आपोआप उगवत नाहीत.

म्हणून मागणी सरसकट ‘दुष्काळाबद्दल माफी’ अशी नको. पावसाच्या तुटीचा दोष ब्रिटनवर टाकला की तेवढंच खोडून काढून बाकीचं टाळायला त्यांना सोपं जाईल. 1877 ची मजुरीतली कपात, बंगालमधल्या होड्यांबद्दलचा हुकूम, 1943 मध्ये नाकारलेली जहाजं: असा एकेक निर्णय तारखेसह आणि तो घेणाऱ्याच्या नावासह मांडावा, आणि प्रत्येकाशेजारी त्या महिन्यातला तिथल्या मातीचा ओलावा लिहावा.