शून्य चार्ज आणि शून्य बेरीज

रबाळ्यापासून तुर्भ्यापर्यंत कुठल्याही ईटीपीत, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटमध्ये जा, जार टेस्टच्या (वेगवेगळ्या डोसने जारांत पाणी नितळून बघायच्या चाचणीच्या) टेबलापाशी झीटाबद्दल, म्हणजे पाण्यातल्या कणाच्या पृष्ठभागालगतच्या विद्युत दाबाबद्दल, हे वाक्य कानावर पडतंच: "झीटा शून्य आला, म्हणजे कणांवर चार्ज उरला नाही." परवा एका नव्या मुलाने ते रिपोर्टातच लिहून आणलं. मी खोडलं. 'न्यूट्रल' हा शब्द तर माझ्यासमोर कुणी काढूच नये. चार्ज मुळातच नसणं आणि धन-ऋणाची बेरीज शून्य येणं, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबतो तो.

एकसारखा चार्ज असलेली भिंत, म्हणजे कणाचा पाण्याला लागलेला पृष्ठभाग, सगळ्यांनी शिकलेली असते. भिंत ऋण, जवळ धन आयनांची गर्दी, आणि ती गर्दी विरत जाते तो पल्ला म्हणजे डेबाय लांबी. १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात साधारण १० नॅनोमीटर, समुद्राच्या पाण्यात अर्धा नॅनोमीटरही नाही. हे गुईने १९१०मध्ये आणि चॅपमनने १९१३मध्ये मांडलं; पुढे चला. चार्जच नसलेल्या भिंतीजवळ यातलं काहीच घडत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका.

घोळ होतो तो धन आणि ऋण ठिपके शेजारीशेजारी असलेल्या भिंतीपाशी. हे काही पुस्तकी चित्र नव्हे. चिनी मातीचा कण घ्या: चपट्या बाजूंवर ऋण चार्ज, आणि पाणी आम्लधर्मी असेल तर कडांवर धन. बेरीज शून्य येऊ शकते. पण सकाळी नऊला ठाणे स्टेशनच्या पुलावर चढणारे आणि उतरणारे सारखेच असले, तर पूल रिकामा आहे असं कोण म्हणेल?

आता नीट बघा. धन-ऋण पट्टे आळीपाळीने, एक जोडी १०० नॅनोमीटरची, चार्ज बेताचा. यांचा प्रभाव पाण्यात कुठवर पोचतो? नुसती डेबाय लांबी सांगून चालत नाही. जोडीची लांबी ६.२८ने भागा, १६ नॅनोमीटर येतात. हा दुसरा पल्ला. दोन्ही मिळून खरा पल्ला ठरतो, आणि तो दोघांतल्या लहानापेक्षाही थोडा कमीच असतो. १ मिलिमोलर पाण्यात इथे तो सुमारे ८ नॅनोमीटर. जोडी १० नॅनोमीटरची केलीत तर दीड नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे बारीक ठिपके अगदी अंगाशी गेल्याशिवाय कळत नाहीत. लांबून ती भिंत खरोखरच चार्ज नसल्यासारखी भासते. रुंद ठिपक्यांचं तसं नाही. तिथे प्रत्येक ठिपका आपापली आयनांची गर्दी घेऊन बसतो, इथे धन तर पलीकडे ऋण.

आणि मीठ वाढवलं की? "चार्ज विझतो," म्हणतात. विझत नाही. डेबाय लांबी आखडते, त्यामुळे शेजारचे ठिपके एकमेकांना झाकायचे थांबतात आणि जो तो सुटा वागू लागतो. मला विचाराल तर सगळ्यात जास्त लोक घसरतात ते इथेच.

परिणामही तसेच. अशा पट्ट्यांच्या भिंतीलगत विद्युतक्षेत्र लावलं तर एकूण प्रवाह शून्य, पण पाणी जागच्या जागी भोवरे घालतं. आजदारीने हे १९९५ साली मांडलं. अँडरसनने त्याआधी १९८५मध्ये दाखवलं होतं की सरासरी झीटा शून्य असलेला गोल कणही, ठिपक्यांची मांडणी तशी असेल तर, क्षेत्रात सरकू शकतो. आपलं झीटा मोजायचं यंत्र काय करतं? कणाचा वेग मोजतं आणि कण सगळीकडून सारखाच आहे असं धरून त्यावरून झीटा काढतं. ठिपक्यांच्या कणासाठी तो आकडा धड सरासरीही असेलच असं नाही.

ईटीपीत हे महागात पडतं. धन चार्जची पॉली (कण एकत्र आणायला टाकतात ते पॉलिमर) ऋण कणावर चकत्यांसारखी बसते. एकाची चकती दुसऱ्याच्या उघड्या भागाला चिकटते आणि झीटा शून्यावर यायच्या आधीच फ्लॉक (कणांचा पुंजका) धरायला लागतो. शून्याच्या मागे लागून डोस वाढवत गेलात तर कण उलटे धन होतात, पुन्हा एकमेकांना ढकलतात आणि पाणी परत गढूळ.

त्या मुलाच्या सहा जारांत सगळ्यात नितळ पाणी तिसऱ्यात होतं, झीटा उणे आठ मिलिव्होल्ट. पाचव्यात शून्य होता आणि पाणी दुधट. रिपोर्टात शिफारस केलेला डोस पाचव्याचा.