पचमढीचे कडे म्हणजे एका जुन्या नदीचा तळ आहे

नागपूरकरांना पचमढी काही नवीन नाही. महाशिवरात्रीला चौरागडला त्रिशूळ घेऊन जाणारे, श्रावणात नागपंचमीच्या आसपास नागद्वारची यात्रा करणारे, अन् नुसतं सुट्टीत फॅमिली घेऊन जाणारे, विदर्भातून केवढे लोक जातात तिकडे. पण त्या वाटेवर दोन्ही बाजूला जे पिवळे-लालसर उभे कडे असतात ना, त्यांच्याजवळ थांबून कोणी फारसं बघत नाही, अन् मला मनापासून वाटतं की बघायला पाहिजे, कारण तो दगड चक्क वाचता येतो.

हा वालुकाश्म आहे, म्हणजे वाळूचा दगड, ट्रायासिक काळातला, साधारण 24 कोटी वर्षांच्या आसपासचा. तेव्हा भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया सगळे एकमेकांना चिकटलेले होते, हिमालय नव्हताच, अन् आज जिथे सातपुडा आहे तिथे एक खोलगट भाग होता ज्याची जमीन हळूहळू खचत होती. नद्या वाळू आणून टाकायच्या, जमीन अजून खचायची, मग अजून वाळू, असं करत करत शेकडो मीटर जाडीचा थर झाला. वरच्या वजनाने खालची वाळू दबली, जमिनीतल्या पाण्यातून आलेल्या सिलिका अन् लोहाने कण एकमेकांना जोडले गेले. कड्याचा जो तांबूस रंग दिसतो तो या लोहाचाच, म्हणजे गंजाचाच म्हणा.

आता कड्याजवळ जा, अगदी हातभर अंतरावर. दगडावर हात फिरवला की वाळू हाताला लागते. एखाद्या पट्ट्यात पांढरे गुळगुळीत गोटे रुतलेले दिसतील, ते गारगोटीचे, नदीत घासून घासून गोल झालेले. एवढे गोटे वाहून आणायचे तर पाण्याला जोर पाहिजे, म्हणून जिथे गोटे तिथे पूर समजायचा, अन् जिथे बारीक वाळू तिथे पाणी संथ होतं. याहून भारी गोष्ट म्हणजे तिरक्या रेघा. आडव्या पट्ट्याच्या आत सगळ्या रेघा एकाच बाजूला झुकलेल्या दिसतात. नदीच्या तळाशी वाळूचे छोटे छोटे ढिगारे असतात, पाणी वाळूला एका बाजूने वर ढकलतं अन् ती पलीकडच्या उतारावरून घसरते, प्रत्येक घसरणीचा एक तिरका थर बनतो, मग पुढचा पूर येऊन वरचा भाग कापून नेतो अन् त्याच्यावर नवीन थर टाकतो. रेघा ज्या बाजूला खाली झुकल्यात त्या बाजूला ती नदी वाहत होती! जागेवरून न हललेल्या दगडात पाच-सहा ठिकाणी बघितलं की अंदाज पक्का होत जातो. मला तरी भूगर्भशास्त्रात यापेक्षा सोपी अन् थरारक गोष्ट माहीत नाही.

मग हे कडे इतके सरळ उभे कसे? वालुकाश्मात उभ्या भेगा असतात. पावसाचं पाणी त्यात शिरतं, झाडांची मुळं शिरतात, अन् खाली एखादा मऊ थर असला की तो आधी झिजून आत पोकळी होते. वरचा दगड अधांतरी राहतो अन् एक दिवस भेगेवरून तुटून खाली येतो, त्यामुळे मागची भिंत परत सरळच राहते. हांडी खोहसारखी सुमारे 300 फुटांची दरी अशा भेगांच्या आधारानेच खोल होत गेली. या पोकळ्यांचेच पुढे शैलाश्रय, म्हणजे दगडाच्या आडोशाच्या गुहा झाल्या, माणसांनी त्यात चित्रं काढली. म्हणूनच पावसात कड्याच्या अगदी पायथ्याशी बसून डबा खाऊ नका, तो दगड अजूनही तुटतोय.

पाऊस थांबल्यावरही कड्यांतून पाणी झिरपत राहतं, कारण वालुकाश्म स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो अन् खाली चिकणमातीचा थर लागला की ते बाजूने बाहेर पडतं. हेच पाणी देनवा नदीत जातं, तिथून तवा, मग नर्मदा, म्हणजे अरबी समुद्र. आपली कन्हानसुद्धा सातपुड्यातच उगम पावते पण ती वैनगंगा-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात जाते.

जाताना रस्त्यावरही लक्ष ठेवा. छिंदवाड्याच्या पुढे परासियाला कोळशाच्या खाणी लागतात, तो कोळसा पर्मियन काळातला, पचमढीच्या दगडापेक्षा जुना. इथले थर उत्तरेकडे कललेले आहेत, म्हणून परासियाहून तामिया, मटकुलीमार्गे पचमढीकडे जाताना आपण जुन्या थरांकडून नव्या थरांकडे सरकतो. अन् या कोळशाच्या अन् वालुकाश्माच्या मध्ये कुठेतरी, सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा जीवसंहार होऊन गेला.

एवढं लांब जाणं जमत नसेल तर नागपूरजवळची कामठी आहेच. तिथल्या लालसर वालुकाश्माच्या थरांना जगभरचे भूशास्त्रज्ञ कामठी फॉर्मेशन म्हणतात, तेही याच गोंडवाना कुटुंबातले, गोंडवाना म्हणजे तेव्हाचा तो एकमेकांना चिकटलेला खंड. ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप, रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूरच्या आसपास फिरून जीवाश्म गोळा करायचे, अन् 1855 मध्ये दोघांचा नागपूरच्या भूरचनेवरचा लेख लंडनला छापूनही आला. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे या कामठीच्या दगडात सापडतात, मधली शीर अन् तिच्या बाजूची बारीक जाळी स्पष्ट दिसते. हीच पानं अंटार्क्टिकातही सापडलीत.