तैयब मेहतांचा महिषासुर: देवीच्या आधी आलेला बैल

चित्रकार तैयब मेहतांची काली किंवा महिषासुर बघितला की बहुतेकांना पहिला प्रश्न हाच पडतो, की या माणसाला देवी सापडली कुठं. जन्म 1925 चा, गुजरातेत कपडवंजला, दाऊदी बोहरा घरात, वाढले मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास, आणि देवी त्यांच्या चित्रात आली तेव्हा साठी ओलांडलेली होती. नेहमीचं उत्तर असं की ऐंशीच्या दशकात ते शांतिनिकेतनला राहिले, बंगालमध्ये काली बघितली आणि रंगवली. हे खोटं नाही पण अर्धंच आहे. मला तरी वाटतं देवी यायच्या कितीतरी आधी तिच्यासाठी लागणारं सगळं त्यांच्या रेषेत येऊन बसलेलं होतं, फक्त त्याला कोणी देवाचं नाव दिलं नव्हतं.

सुरुवात 1947 पासूनच करायला लागते. फाळणीच्या दंगलीत ते मोहम्मद अली रोडवर राहत होते आणि खिडकीतून त्यांनी एका तरुण माणसाला जमावानं रस्त्यावर मारताना बघितलं, दगडांनी डोकं ठेचलेलं. त्यानंतर कित्येक दिवस ते तापानं आजारी होते आणि पुढं आयुष्यभर मुलाखतींमध्ये त्यांनी हेच सांगितलं की ते दृश्य डोक्यातून कधी गेलं नाही. पण गंमत बघा, म्हणजे गंमत हा शब्द इथं बरोबर नाही, तर लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तो प्रसंग त्यांनी प्रसंग म्हणून कधी रंगवला नाही. रस्ता नाही, जमाव नाही, दगड नाहीत. चित्रात आलं ते फक्त शरीर, पडणारं, वाकडंतिकडं झालेलं, हातपाय नेमके कुणाचे कुठले ते कळू नये असं.

आणि आला बैल. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकायच्या आधी ते ताडदेवला फिल्म एडिटिंगचं काम करत होते, मग 1952 ला जेजेतनं डिप्लोमा घेऊन बाहेर पडले, आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपवाल्यांशी म्हणजे सूझा, रझा, हुसेन यांच्याशी दोस्ती झाली, आणि 1956 मध्ये त्यांनी पाय बांधलेला बैल रंगवला. कत्तलखान्यात कापायच्या आधी जनावराचे पाय दोरीनं आवळतात आणि त्याला जमिनीवर पाडतात, तो क्षण. एवढी प्रचंड ताकद आणि ती बांधून घातलेली, हे त्या बैलाबद्दल त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. तो बैल काही त्यांना सोडेना. 1970 मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी ‘कूडल’ नावाची सोळा मिनिटांची फिल्म केली त्यातही वांद्र्याच्या कत्तलखान्यातलं जनावर आहेच. माणूस चित्रकार, कॅमेरा हातात आला तर काय वाट्टेल ते टिपू शकला असता, गेला तो परत तिथंच.

मधल्या काळात 1959 ते 1964 लंडन झालं, चित्रकार फ्रान्सिस बेकनचा प्रभाव त्या वेळच्या कामात स्पष्ट दिसतो, जाड रंग, पिळवटलेले देह. मग 1968 ला रॉकफेलर फंडाची फेलोशिप मिळून न्यूयॉर्क, तिथं बार्नेट न्यूमनचे मोठमोठे सपाट रंगाचे कॅनव्हास समोरून बघितले आणि जाड रंग सुटला. परत आल्यावर काहीच जमेना. आणि 1969 मध्ये एकदा वैतागून त्यांनी कॅनव्हासवर एक काळा तिरका पट्टा ओढला, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि तिथून मार्ग सापडला असं ते सांगायचे. पुढची काही वर्षं तो तिरका पट्टा, ज्याला सगळे डायगोनल म्हणतात, त्यांच्या चित्रातल्या माणसांना मधोमध कापत राहिला. एक हात इकडच्या बाजूला, डोकं तिकडं, एकच देह पण दोन तुकड्यांत आणि तरी जोडलेला. फाळणी आठवते ना लगेच? मलाही आठवते, पण त्यांनी पट्टा ओढला तेव्हा फाळणी ठरवून ओढला नव्हता, वैतागातून ओढला होता आणि अर्थ मागनं आला.

नेणिवेतून चित्र येतं म्हणतात ते हेच असावं, आणि ही चर्चा आपल्याकडे तैयबच्या खूप आधीपासून होती हे विसरायला नको. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्येच भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली, फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि फ्रॉइडच्या पंच्याहत्तरीला 1931 साली कलकत्त्याहून त्याला हस्तिदंताची विष्णूची मूर्ती पाठवली गेली, ती त्यानं आपल्या टेबलावर ठेवली होती. पण मूर्तीपेक्षा बोसांचा विचार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की मनात इच्छा जोडीनं राहतात, मारायची इच्छा वर असेल तर मार खायची इच्छा खाली दडलेली असते, आणि दोन्ही ओळखल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. तैयबनी बोस वाचले असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण महिषासुराच्या चित्राकडं येऊ तेव्हा हे डोक्यात असू द्या. त्याच बंगालमधल्या टागोरांचंही असंच झालं, 1924 मध्ये अर्जेंटिनात असताना हस्तलिखितातली खोडाखोड जोडता जोडता विचित्र प्राणी आणि चेहरे तयार व्हायला लागले आणि 1930 ला पॅरिसमध्ये त्या चित्रांचं प्रदर्शनच लागलं. टागोर हात मोकळा सोडून काढायचे. तैयब एकदम उलटे, अतिशय सावकाश, एकेक रेषा तोलून काढणारे, आणि पटलं नाही तर कॅनव्हास नष्ट करणारे, म्हणून तर त्यांची चित्रं संख्येनं इतकी कमी आहेत. इतक्या कडक शिस्तीच्या माणसाच्या हातून पन्नास वर्षं त्याच त्याच तीन-चार प्रतिमा येत राहतात याचा अर्थ त्या खूप खोलवर होत्या, शिस्तीच्याही खाली.

आता शांतिनिकेतन. 1984-85 च्या सुमारास ते तिथल्या कलाभवनात, म्हणजे कलाशाळेत, राहायला होते, तिथं संथाळ गावं, चरक या शिवाच्या उत्सवाची जत्रा, हे सगळं जवळून बघितलं, आणि मुंबईला परतल्यावर मोठं तीन भागांचं चित्र केलं, त्यात पहिल्यांदा माणसं एकटी पडत नाहीत, घोळक्यात आहेत. त्यानंतर 1989 ची काली. निळं अंग, उघडं तोंड, आत लालभडक. कॅलेंडरवरच्या कालीसारखी जीभ, मुंडमाळा, खाली शंकर असा सगळा जामानिमा नाही. आपल्या डोळ्यांना देवदेवता ज्या रूपात माहीत आहेत त्यातला मोठा भाग रविवर्म्याच्या छापखान्यानं घडवलाय, तो 1894 ला मुंबईत निघाला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथली लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर लागली. तैयबची काली त्या रांगेतली नाहीच.

पण खरी गोष्ट महिषासुराची आहे, नव्वदच्या दशकातली. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात ते युद्ध वाचलं तर तो असुर सारखा रूपं बदलतो, रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा तलवारवाला माणूस, मग हत्ती, मग पुन्हा रेडा, शेवटी देवी त्याच्यावर चढून पायानं दाबते आणि तो रेड्याच्या तोंडातून अर्धाच बाहेर येतो, अर्धा माणूस अर्धं जनावर, आणि त्या अर्धवट अवस्थेतच ती त्याचं मस्तक उडवते. हे अर्धं बाहेर आलेलं शरीर वाचताना मला तैयबचा डायगोनलच दिसतो. शिल्पकारांनी हा प्रसंग हजार दीड हजार वर्षं कोरलाय, महाबलीपुरमला सातव्या शतकात तो रेड्याचं डोकं असलेला माणूस म्हणून रुबाबात उभा आहे, मागं सरकतोय पण हरलेला नाही, आणि वेरूळच्या कैलासातही आहे. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनीच, हातात त्याची शेंडी धरलेली, पण वस्त्रालंकारांत आपल्याला मुखच दिसतं त्यामुळं पायाखाली कोण आहे याकडं लक्षच जात नाही. आरतीत तर तिचं हे नाव गणपतीत घरोघर म्हटलं जातं. आणि दुसरीकडं त्याच आपल्या गावांच्या शिवेवर शेंदूर लावलेला म्हसोबा असतो, इतिहासकार दा. ध. कोसंबींनी त्याचा संबंध महिषासुराशी लावला होता आणि काही ठिकाणी हाच देव देवीच्या जोडीनं पुजला जातो हेही दाखवलं होतं. म्हणजे मारणारी आणि मारला गेलेला, दोघांनाही नैवेद्य.

तैयबच्या चित्रात नेमकं हेच दिसतं. सपाट रंग, सगळीकडं एकसारखी रेषा, देवीचे हात आणि रेड्याचं धड असं एकमेकांत गुंतलंय की ती त्याला मारतेय का कवेत घेतेय ते सांगता येत नाही. त्रिशूळ आरपार घुसल्याचा थरार नाही, रक्त नाही. रेड्याची मान वळलेली आहे ती 1956 च्या बैलासारखी, फक्त दोऱ्यांच्या जागी आता देवीचे हात आहेत. म्हणून मी म्हणतो की ही पुराणातल्या गोष्टीवर काढलेली चित्रं नाहीत, तीस-चाळीस वर्षं बांधून पडलेल्या जनावराला शेवटी कोणीतरी हात लावला आणि तो हात देवीचा निघाला.

हे सगळं चालू होतं तो काळही साधा नव्हता. 1996 मध्ये त्यांच्या जवळच्या मित्रावर, हुसेनवर, सरस्वतीच्या एका जुन्या रेखाटनावरून केसेस आणि हल्ले सुरू झाले. त्याच दिवसांत तैयब मुंबईत बसून काली आणि महिषासुर रंगवत होते, यावर फारसं कोणी लिहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

लिहिलं गेलं ते पैशांवर. 2002 ला त्यांचं ‘सेलिब्रेशन’ हे चित्र दीड कोटीला गेलं, 2005 ला न्यूयॉर्कच्या लिलावात 1997 चा महिषासुर साधारण 15.8 लाख डॉलरला गेला आणि दहा लाख डॉलरच्या वर गेलेलं पहिलं समकालीन भारतीय चित्र म्हणून बातमी झाली, 2007 ला पद्मभूषण मिळालं, जुलै 2009 मध्ये ते मुंबईत वारले. 2018 ला 1989 ची काली 26.4 कोटींना विकली गेली. आणि एप्रिल 2025 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, तो 1956 चा पाय बांधलेला बैल 61.8 कोटींना गेला, म्हणजे कालीच्या दुपटीहून जास्त.