वकिलाच्या पाटीवर काय लिहायचे? छोट्या वकिलीच्या जाहिरातबंदीची पार्श्वभूमी

नवी सनद घेतलेला वकील कोर्टासमोर एखादी खोली भाड्याने घेतो. काम कसे मिळेल ही चिंता असतेच, पण त्याआधी पाटी रंगवायची असते. वकिलांच्या वर्तनाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम 36 वकिलाला जाहिरात करू देत नाही, आणि त्याप्रमाणे ही पाटीही वाजवी आकाराची हवी. आपण बार कौन्सिलचे सदस्य आहोत, पूर्वी न्यायाधीश होतो, अमुक संस्थेशी संबंधित आहोत, यातले काहीही तिच्यावर लिहायला मनाई आहे. अमुक प्रकारच्या कामात आपला हातखंडा आहे, हेही लिहिता येत नाही. इतर कुठलाही छोटा व्यवसाय जिथून वाढायला लागतो, तिथेच वकिलाला हात आखडता घ्यावा लागतो.

या बंदीच्या मुळाशी एक जुनी आणि खरी भीती आहे, दलालाची. बाहेरगावाहून आलेला माणूस हातात समन्स घेऊन कोर्टाच्या आवारात गोंधळून उभा असतो. त्याला कोणीतरी गाठतो, ‘चला, आपला वकील आहे’ म्हणतो आणि वकिलाच्या फीतून आपला वाटा काढतो. ब्रिटिश काळात हा धंदा इतका बोकाळला की 1879 च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टमध्ये कलम 36 आले. त्याने कोर्टांना दलालांच्या याद्या तयार करून लावण्याचा अधिकार मिळाला. 2023 मध्ये अधिवक्ता कायद्यात दुरुस्ती करून संसदेने या जुन्या कायद्याला निरोप दिला, पण दलालांच्या याद्यांची तरतूद तेवढी कलम 45अ म्हणून नव्याने घालावी लागली. यादीत नाव असताना दलाली करणाऱ्याला शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या 144 वर्षांत दलाल कुठेही गेला नव्हता, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची.

जाहिरातबंदी आपल्याकडे इंग्लंडच्या बॅरिस्टरांकडून आली, असे सर्रास सांगितले जाते. त्या परंपरेचा वाटा आहेच. पण नियम 36 चे शब्द नीट वाचा. परिपत्रके, जाहिराती, दलाल, वैयक्तिक संपर्क, ओळखपाळख नसताना घेतलेल्या भेटी, आपण चालवत असलेल्या खटल्यांबद्दल वर्तमानपत्रांत मजकूर छापून आणणे. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेच्या 1908 च्या आचारसंहितेतील सत्ताविसाव्या नियमात हीच यादी, दलालांसकट, जवळजवळ याच शब्दांत आहे.

त्या अमेरिकेतही आधी वेगळे चित्र होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंकन वकिली करत, तेव्हा त्यांच्या फर्मची छोटी जाहिरात स्प्रिंगफिल्डच्या वर्तमानपत्रांत येत असे. 1887 मध्ये अलाबामा राज्याच्या बारने जी आचारसंहिता केली, तिने सर्वसाधारण जनतेसाठी दिलेली जाहिरात योग्य मानली होती. एखाद्या विशिष्ट माणसाला गाठून ‘तुझी केस मला दे’ म्हणणे मात्र टाळावे, असे सांगितले होते. या सगळ्या इतिहासात मला ही रेघ सर्वांत शहाणी वाटते. 1908 च्या संहितेने ती पुसली आणि दोन्ही गोष्टी एका दोरीत बांधल्या. साधे व्हिजिटिंग कार्ड तेवढे वाचले.

ही गाठ सुटली ती एका छोट्या ऑफिसमुळे. 1974 च्या मार्चमध्ये जॉन बेट्स आणि व्हॅन ओस्टीन या दोन तरुण वकिलांनी अ‍ॅरिझोनातील फिनिक्समध्ये ‘लीगल क्लिनिक’ उघडले. सरकारी मदतीस पात्र नसलेले आणि मोठ्या वकिलाची फीही न परवडणारे लोक हे त्यांचे अशील. फी कमी, म्हणजे काम भरपूर हवे. दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आले की आपण कोण आणि घेतो किती हे लोकांना कळल्याशिवाय हा गाडा चालणार नाही. 22 फेब्रुवारी 1976 ला त्यांनी ‘अ‍ॅरिझोना रिपब्लिक’मध्ये जाहिरात दिली. तिच्यात स्वतःची स्तुती फारशी नव्हती, होता तो दरफलक: परस्परसंमतीने घटस्फोट 175 डॉलर आणि कोर्टाचे 20 डॉलर, नाव बदलणे 95 डॉलर आणि वर 20. राज्याच्या बारने शिस्तभंगाची कारवाई केली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1977 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: नेहमीच्या कामांची फी खरेपणाने जाहीर करणे हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने, अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला इस्पितळात गाठून काम मागणाऱ्या वकिलावरची कारवाई मात्र कायम ठेवली. अलाबामाची जुनी रेघ अशी परत आली. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांना 1984 मध्ये जाहिरातीची मुभा मिळाली.

आपल्याकडे त्याच सुमारास पारडे दुसरीकडे झुकले. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील अक्षरशः घात लावून उभे राहत. पक्षकार दिसला की धावायचे, कागद हिसकायचे, एकमेकांपेक्षा फी खाली आणायची, प्रसंगी हाणामारी. 1975 मध्ये या प्रकरणात निकाल देताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले की वकिली हा व्यापार नाही आणि ब्रीफ, म्हणजे वकिलाकडे आलेली केस, हा विकाऊ माल नाही. त्या दारातले दृश्य डोळ्यांपुढे आणले, तर हा संताप मला पूर्णपणे पटतो. पण हे वाक्य पुढे प्रत्येक जाहिरातीविरुद्ध वापरले गेले. माणसाला बाही धरून ओढणे आणि त्याला माहिती देणे यातला फरक त्यात हरवला.

त्याचा भार कोणावर पडला? ज्याचे वडील त्याच कोर्टात नावाजलेले, त्याला जाहिरातीची गरजच नसते, आडनाव पुरते. पहिल्या पिढीच्या वकिलाला मात्र सीनिअरच्या हाताखाली वर्षानुवर्षे तारखा घ्याव्या लागतात, सीनिअरने सोडलेली बारीक कामे उचलावी लागतात, नोटरीच्या कामाची किंवा गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलची वाट बघावी लागते. एक जिंकलेली केस दुसरी घेऊन येते, पण त्या पहिल्या केसपर्यंत पोहोचायलाच जीव मेटाकुटीला येतो. फी कमी करून पाय रोवावेत, तर नियम 38 आडवा येतो: ऐपत असलेल्या अशिलाकडून नियमाने ठरलेल्या फीपेक्षा कमी घेता येत नाही.

या बंदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा बार कौन्सिलने 2008 मध्ये नियम 36 मध्ये दुरुस्ती करून वेबसाइटपुरती खिडकी उघडली. नाव, पत्ता, फोन, ई-मेल, सनदेचा क्रमांक व तारीख, बार कौन्सिल व बार असोसिएशन, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे एवढेच टाकता येते. जी गोष्ट पाटीवर लिहायची नाही, तिच्या निदान जवळपास जाणारी ‘कामाची क्षेत्रे’ वेबसाइटवर चालतात. 2024 च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करण्याचे निर्देश बार कौन्सिलला दिले. तेव्हा ही खिडकी किती अरुंद आहे हे पुन्हा दिसले.

फिनिक्सच्या त्या दोघांनी जे छापले आणि दारात आलेल्या अशिलाला सर्वांत आधी जे विचारायचे असते, त्या फीचा रकाना मात्र 2008 च्या या यादीत नाही.