गावठी गुरांची ताकद नेमकी कशात?

"गावठी गुरांना रोग शिवत नाही," हे रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुठल्याही गोठ्यात ऐकायला मिळतं. कोकण कपिला ही इथली गावठी गाय काटक आहे यात वाद नाही. कातळावर चरून आणि चार महिन्यांचा पाऊस झेलून ती उभी राहते. पण काटकपणा म्हणजे सगळ्या जिवाणूंविरुद्धचं कवच नव्हे. ब्रुसेला नावाचा जिवाणू गावठी गायीलाही गाभडवतो, म्हणजे तिचा गर्भपात घडवतो, तोही बहुधा सहाव्या-सातव्या महिन्यानंतर. मग कौल लावला जातो, गाऱ्हाणं घातलं जातं आणि पडलेली वार (गर्भाभोवतालचं आवरण) उघड्या हातांनी उचलली जाते. कोणाची दृष्ट लागलेली नसते. त्या वारेत जिवाणू खच्चून भरलेले असतात आणि ते माणसालाही आजारी पाडतात.

रोगाला तोंड देण्याची ताकद आनुवंशिक असते, हे मात्र खरं आहे. त्यातलं एक यंत्र तर थक्क करणारं आहे.

रक्षक पेशी जिवाणूला गिळते, म्हणजे पातळ पटलाच्या पिशवीत कोंडते. या पिशवीच्या भिंतीत एनरॅम्प-१ नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि आतले मँगनीज व लोहाचे आयन बाहेर उपसू लागतं. जांभ्याच्या लाल मातीत लोह पायदळी पडलेलं असलं, तरी शरीरात मोकळं लोह जवळपास नसतंच. इथे उरलंसुरलंही काढून घेतलं जातं. कारण असं की, पेशी जिवाणूवर ऑक्सिजनच्या जहाल रेणूंचा मारा करते. हा मारा निकामी करणारी काही विकरं (एन्झाइम) जिवाणूकडे असतात आणि त्यांच्या गाभ्यात मँगनीज किंवा लोह लागतं. धातू नाही तर विकर नाही. पेशी शत्रूची रसदच तोडते.

जिवाणूही गप्प बसत नाही. साल्मोनेला या दुसऱ्या जिवाणूकडे आणि ब्रुसेलाकडे मँगनीज आत ओढणारं एमएनटीएच नावाचं प्रथिन असतं आणि ते एनरॅम्पच्याच कुळातलं आहे! एकाच पूर्वजापासून आलेले दोन पंप, एक गायीचा आणि एक जिवाणूचा, त्याच आयनासाठी विरुद्ध दिशांना ओढत असतात.

एनरॅम्प-१चं जनुक १९९३ साली माँट्रियलमध्ये उंदरांत सापडलं. या प्रथिनात १६९व्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल असलेले उंदीर साल्मोनेलाला दाद देत नाहीत. तिथे ॲस्पार्टिक आम्ल आलं की बळी पडतात. गायींत चित्र इतकं स्वच्छ नाही. या जनुकाच्या शेपटाकडच्या फरकांचा ब्रुसेलोसिसशी, म्हणजे ब्रुसेलामुळे होणाऱ्या रोगाशी, संबंध काही कळपांत दिसला, काहींत नाही. २०१७ मध्ये चीनमध्ये जनुक-संपादनाने जादा एनरॅम्प-१ घातलेली वासरं जन्मली आणि त्यांच्यात क्षयाला प्रतिकार वाढलेला दिसला. पण तेवढ्यावरून "रोगमुक्त गाय आली" म्हणणं हा निव्वळ गाजावाजा. बहुतेक रोगांत अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो.

म्हणूनच मला नॉर्वेचं काम मोठं वाटतं. स्तनदाहाच्या प्रतिकारातला आनुवंशिक वाटा अगदी थोडा, तरी त्यांनी १९७८ पासून वळू निवडताना हा प्रतिकार धरला. त्यासाठी त्या वळूंच्या लेकींच्या आजारपणाच्या नोंदी हव्यात. आपल्याकडे कुठली गाय कधी गाभडली, हे घरच्यांच्या आठवणीतच राहतं. एक वही गोठ्यात टांगली तरी पुष्कळ.

तोवर ब्रुसेलोसिसची लस आहेच: चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला, आयुष्यात एकदाच. ती जिवंत जिवाणूची असल्याने वळूला किंवा गाभण गायीला देत नाहीत आणि टोचणाऱ्यानेही हातमोजे घालायचे असतात.